तीन मिनिटांचे बोलणे

परवा माळ्यावरची जुनी ट्रंक आवरण्यासाठी खाली उतरवली. अशा ट्रंकेत जे सापडावयाचे तेच सापडले. कडा झिजलेली एक जरीची टोपी, बंद पडलेले मनगटी घड्याळ, चार-दोन ध्वनिफिती आणि सुतळीने बांधलेला कागदांचा एक गठ्ठा. त्या गठ्ठ्यात कोणाच्या तरी लग्नाची दुमडलेली निमंत्रणपत्रिका होती. ती टाकून द्यावी म्हणून मी उचलली आणि सहज उलटी केली. मागच्या कोऱ्या बाजूवर आजीचे अक्षर होते. अक्षर पेन्सिलीचे, थोडेसे वाकडे. पण प्रत्येक ओळीला क्रमांक घातलेला होता.

‘१. प्रकृती कशी आहे. २. थंडीत कान बांधतोस का. ३. कपिलेला कालवड झाली. ४. लोणचे पोहोचले का. ५. तुळशीचे लग्न छान झाले...’

पत्रिका हातात धरून मी तसाच जमिनीवर बसून राहिलो. तुम्हांला ही यादी पाहून कदाचित हसू येईल. वाण्याकडून सामान आणावयाचे असले तर यादी करावी. पण आपल्या नातवाशी काय बोलावयाचे, याची का कोणी यादी करते? आमच्या आजीला ती करावी लागे. कारण त्या काळी आमच्या घरी बोलणे वाण्याच्या सामानापेक्षाही महाग होते.

मी तेव्हा सातवीत होतो. १९९९ च्या ऑगस्टमध्ये माझा दादा पुढील शिक्षणासाठी अमेरिकेत पिट्सबर्ग येथे गेला. आम्ही वाईला राहत होतो. कृष्णेच्या घाटापासून आमचे घर फार लांब नव्हते. तोवर दादा फार दूर गेला म्हणजे पुण्याला जाई आणि शनिवारच्या एस. टी. ने परत येई. आता तो पृथ्वीच्या पाठीमागे गेला होता. आमची सकाळ ती त्याची आदली रात्र. हिवाळ्यात आमच्याकडे सकाळचे सात वाजले की त्याच्याकडे कालचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असत. आजीला हे गणित कधीच पटले नाही. “मग तो आपल्या मागे राहिला की रे!” असे ती म्हणे आणि काळजीत पडे.

आमच्या घरी दूरध्वनी होता, परंतु परदेशी बोलण्याची सोय बाबांनी मुद्दाम घेतली नव्हती. बाबा शिक्षक होते. दादाला त्यांनी निघतानाच बजावले होते, “तू फोनवर पैसे घालवू नकोस. तुझ्या जेवणातून ते कमी होतील. महिन्यातून एकदा आम्हीच करू.” त्याप्रमाणे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आमची स्वारी बाजारपेठेतील एस. टी. डी.–आय. एस. डी. बूथवर निघे. पुढे बाबा, मागे आई, तिच्या मागे माझा हात धरून आजी. आजी त्या दिवशी घडीचे लुगडे नेसे. जणू काही दादा तिला पाहणारच होता!

बूथ म्हणजे काचेची एक लहानशी खोली. आत एक स्टूल, एक फोन आणि भिंतीवर तांबड्या आकड्यांचे यंत्र. पलीकडून ‘हॅलो’ आले, की ते आकडे पळू लागत. एका बाजूला सेकंद, दुसऱ्या बाजूला रुपये. अमेरिकेशी एक मिनिट बोलावयाचे, तर साठ रुपयांच्या आसपास पडत. तीन मिनिटांचे एकशे ऐंशी. त्या पैशांत आमच्या घरचे पंधरवड्याचे दूध येई. म्हणून बाबांनी मर्यादा घालून दिली होती : तीन मिनिटे. एक मिनिट बाबांचे, एक आईचे आणि एक आजीचे. मला बोलण्यासाठी वेळ नव्हता. पण माझ्याकडे मोठे अधिकाराचे काम होते. बाबांचे मनगटी घड्याळ हातात घेऊन वेळ मोजावयाची आणि प्रत्येकाची वेळ संपत आली, की काचेवर टिचकी मारावयाची. हे काम मी मोठ्या कडकपणे करीत असे.

आजीची यादी याच व्यवस्थेतून जन्माला आली. महिनाभर तिला जे जे दादाला सांगावेसे वाटे, ते ते ती लिहून ठेवी. शनिवारी रात्री ती यादी काढून त्यातले कमी महत्त्वाचे काय ते खोडून टाकी. एका मिनिटात मावेल एवढेच शेवटी उरे. प्रेमाचीही काटकसर करता येते, हे मी त्या वेळी प्रथम पाहिले. पण मी लहान होतो. मला त्यात फक्त काटकसर दिसली.

डिसेंबरातला तो रविवार मला स्पष्ट आठवतो. बाबा बोलले, आई बोलली आणि फोन आजीच्या हाती आला. आजीने यादी डोळ्यांसमोर धरली. “प्रकृती कशी आहे? कान बांधतोस ना? कपिलेला कालवड झाली बरं का,” एवढे ती घाईघाईने बोलली आणि एकाएकी गप्प झाली. मी पाहतो, तो ती फोन कानाशी घट्ट धरून उभी आहे. यादी हातातच आहे; पण तोंडातून शब्द नाही. तांबडे आकडे पळत होते. मी टिचकी मारली. आजी हलली नाही. मी पुन्हा मारली. शेवटी तिने फोन खाली ठेवला आणि डोळ्यांना पदर लावला.

मला रागच आला. रस्त्यावर येताच मी म्हणालो, “आजी, यादीतली तीनच कलमे झाली! नुसतं गप्प उभं राहायला का आपण साठ रुपये दिले?”

बाबांनी माझ्याकडे वळून पाहिले. ते काही बोलले नाहीत; पण मी खाली मान घातली. आजी मात्र शांतपणे म्हणाली, “अरे, मी नाही बोलले, पण तो बोलला ना.” एवढे म्हणून तिने यादीची घडी घातली आणि ती पिशवीत ठेवून दिली.

महिन्यातले उरलेले एकोणतीस-तीस दिवस काढण्यासाठी आम्ही अनेक युक्त्या योजल्या होत्या. दादाची निळी हवाईपत्रे येत. पण ती येईपर्यंत त्यांतली सर्दी बरी झालेली असे. कोणी ओळखीचा माणूस तिकडे जावयास निघाला, की त्याच्याबरोबर आम्ही ध्वनिफीत पाठवीत असू. तीत आजीच्या आवाजातली आरती, आईच्या चार सूचना आणि मागे कपिलेचे हंबरणे असे. सर्वांत गमतीची युक्ती घंटीची होती. दर रविवारी सायंकाळी दादा आमच्या घरचा फोन दोनदा वाजवी आणि बंद करी. आम्ही तो उचलीत नसू. फोन उचलला नाही, म्हणजे पैसे पडत नाहीत. आणि दोन घंट्यांचा अर्थ आम्हांला ठाऊक होता : ‘मी खुशाल आहे.’ त्या दोन घंट्यांसाठी आजी फोनशेजारी पाट टाकून बसे. घंटी थांबली, की ती हात जोडी.

एकदा मी बाबांना विचारले, “बोलण्याला इतके पैसे का पडतात? दादाचा आवाज तर तोच आहे.”

बाबांनी जे सांगितले, ते मला अजून आठवते. ते म्हणाले, “तू आवाजाचे पैसे देत नाहीस, रस्त्याचे देतोस.” मग त्यांनी त्या रस्त्याची कथा सांगितली. मुंबई आणि लंडन यांच्यामधली बिनतारी दूरध्वनिसेवा १९३३ मध्ये सुरू झाली. त्या वेळी आवाज रेडिओच्या लहरींवर स्वार होऊन जाई आणि वातावरण बिघडले की बोलणेही बिघडे. पुढे उपग्रह आले. आपल्याच पुणे जिल्ह्यात, नारायणगावाजवळ आर्वी येथे १९७१ च्या सुमारास एक प्रचंड वाटीसारखा आकाशक उभारण्यात आला. डॉ. विक्रम साराभाई यांच्या स्मरणार्थ त्या भूकेंद्राला ‘विक्रम’ हे नाव मिळाले. तेथून आवाज सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडे जाई आणि तितकेच अंतर उतरून पलीकडच्या देशात पोहोचे. एवढ्या प्रवासाला पाव सेकंद लागे. म्हणूनच प्रश्न विचारल्यावर उत्तर यावयास क्षणभर उशीर होई आणि दोन्ही बाजूंची माणसे एकदम बोलू लागत. नंतर समुद्राच्या तळाशी काचेच्या तंतूंच्या तारा टाकण्यात आल्या. त्यांपैकी काही मुंबईच्या किनाऱ्याला येऊन लागतात. त्या तारांतून आवाज प्रकाशाच्या रूपाने धावतो.

“पण खरी गोष्ट पुढेच आहे,” बाबा म्हणाले. “तू दादाशी बोलतोस तेव्हा वाईपासून पिट्सबर्गपर्यंतची एक पूर्ण वाट तुझ्या एकट्यासाठी राखून ठेवलेली असते. तू बोललास तरी ती तुझीच. आजीसारखा गप्प राहिलास तरीही ती तुझीच. दुसऱ्या कोणाला त्या वाटेने जाता येत नाही. एका माणसासाठी अख्खी एस. टी. राखून ठेवली, तर भाडे किती होईल?” शिवाय, भारतातून परदेशी बोलण्याची सोय तेव्हा एकाच सरकारी निगमाकडे होती, परदेशातील कंपनीलाही दर मिनिटाला तिचा वाटा द्यावा लागे, आणि गावातल्या गावात बोलणे स्वस्त ठेवण्यासाठी दूरच्या बोलण्यावर अधिक आकार घेतला जाई. असे सर्व भार आजीच्या त्या एका मिनिटावर पडत होते.

१ एप्रिल २००२ रोजी यात दोन मोठे बदल झाले. परदेशी दूरध्वनीची ती मक्तेदारी संपली आणि भारतात इंटरनेटवरून परदेशी बोलण्यास परवानगी मिळाली. आम्हांला वर्तमानपत्रातील या बातमीचा अर्थ तेव्हा कळला नाही. तो कळला २००३ मध्ये, जेव्हा आमच्या बाजारपेठेतील एका सायबर कॅफेवर हाताने रंगवलेली पाटी लागली : ‘इंटरनेटवरून अमेरिका, मिनिटाला पाच रुपये.’

बाबांचा प्रथम विश्वासच बसला नाही. साठाचे पाच कसे होतील? परंतु पाटी खोटी नव्हती. कॅफे चालविणारा तरुण मोठा हौशी होता. त्याने मला सगळी रीत समजावून दिली. आपण बोललो, की संगणक आपला आवाज सेकंदाला हजारो वेळा मोजतो आणि त्याचे आकडे करतो. जुन्या दूरध्वनीच्या पद्धतीत ही मोजणी सेकंदाला आठ हजार वेळा होते. मग त्या आकड्यांची लहान लहान पुडकी बांधली जातात. एका सेकंदाच्या बोलण्याची साधारणपणे पन्नास पुडकी होतात. प्रत्येक पुडक्यावर पत्ता असतो आणि अनुक्रमांक असतो. ही पुडकी इंटरनेटच्या वाटेवर सोडून दिली, की ती इतर लाखो पुडक्यांच्या गर्दीतून आपापली वाट काढीत जातात. कोणी एका वाटेने जाते, कोणी दुसऱ्या. पलीकडचे यंत्र अनुक्रमांक पाहून ती पुन्हा ओळीने लावते आणि आकड्यांचा परत आवाज होतो.

“म्हणजे अख्खी एस. टी. राखून ठेवायची नाही,” मी म्हणालो, “एकेक आसनाचं तिकीट काढायचं!”

“अगदी बरोबर,” तो हसून म्हणाला. “आणि तू गप्प राहिलास, तर त्या आसनावर दुसरा कोणी बसेल.”

पुढच्या रविवारी आम्ही आजीला तेथे घेऊन गेलो. तिच्या डोक्यावर कर्णफोन चढविताना अंबाडा आड येऊ लागला, तेव्हा सारा कॅफे हसला. आजीही हसली. आवाज काही बूथसारखा स्वच्छ नव्हता. एखादे पुडके वाटेत हरवले किंवा फार उशिरा आले, की शब्द मधेच तुटे. दादा “आजी” म्हणे. आम्हांला नुसते “जी” ऐकू येई. परंतु त्या दिवशी आजी वीस मिनिटे बोलली. वीस मिनिटांचे शंभर रुपये झाले. जुन्या दराने ते बाराशे झाले असते. कपिलेच्या कालवडीची आता गाय झाली होती. तिची हकीकत सविस्तर झाली. शेजारच्या लग्नाचे जेवण पदार्थवार सांगून झाले. मी घड्याळ नेले होते. पण ते खिशातच राहिले. आजीने यादी आणली होती. तीही पिशवीतून बाहेर आली नाही.

तेथून पुढे यादी करण्याची तिची सवय सुटली.

२००६ मध्ये आमच्या घरी संगणक आणि इंटरनेट आले. मी तेव्हा रोज एस. टी. ने साताऱ्यास महाविद्यालयात जात असे. २००३ मध्ये सुरू झालेली ‘स्काइप’ नावाची सेवा तोवर जगभर पसरली होती. स्वीडनचा एक आणि डेन्मार्कचा एक अशा दोघा तरुणांनी ती सुरू केली होती आणि तिची आज्ञावली एस्टोनिया या चिमुकल्या देशातील तंत्रज्ञांनी लिहिली होती. दोन्ही बाजूंना संगणक असले, की तिच्यावर बोलण्याचे वेगळे पैसे पडतच नसत. इंटरनेटचे जे काय द्यावयाचे तेवढेच. साठाचे पाच झाले होते, आता पाचाचे शून्य झाले.

आता खरे पाहता आजीने रोज दादाशी बोलावयास हवे होते. तसे झाले नाही. आणि का झाले नाही, हे सांगताना आजही मला अवघड वाटते.

संगणक चालविणे घरात मलाच येत होते. संध्याकाळी मी दमून येई. आजी दारात उभी राहून विचारी, “आज दादाशी बोलणं होईल का रे?” मी म्हणे, “उद्या लावू, आजी. आता काय पैसे थोडेच पडतात?” दुसऱ्या दिवशी परीक्षा असे, तिसऱ्या दिवशी मित्र येत, चौथ्या दिवशी वीज जाई. पलीकडे दादाचेही तसेच चालले होते. त्याला नोकरी लागली होती. तोही म्हणे, “या आठवड्यात जमलं नाही, पुढच्या आठवड्यात निवांत बोलू.” पैसे पडत होते, तेव्हा महिन्याचा पहिला रविवार आमच्या घरात एखाद्या सणासारखा पाळला जाई. फुकट झाल्यावर कोणताच वार त्या बोलण्याचा उरला नाही. जे केव्हाही करता येते, ते आम्ही केव्हाच केले नाही. असे दोन महिने गेले.

त्या पावसाळ्यात आजीला मोठा ताप आला. ताप उतरला, परंतु आधीच मंद झालेली तिची श्रवणशक्ती जवळजवळ गेली. डॉक्टरांनी तपासून वयाचे कारण सांगितले. कानात बसविण्याचे यंत्र आणले, पण त्याचा फारसा उपयोग झाला नाही. आम्ही ओरडून बोललो, तर तिला आवाज आल्याचे समजे. शब्द समजत नसत.

आजी बरी होऊन उठून बसली, त्याच संध्याकाळी मी संगणक लावला. मी एक लहान कॅमेराही आणला होता. पडद्यावर दादा दिसू लागला. सुमारे सात वर्षांत आजीने त्याला दोनदाच पाहिले होते. ती पुढे झुकली आणि तिने पडद्यावरच्या त्याच्या गालावर हात ठेवला. दादा बोलत होता. त्याचा आवाज इतका स्वच्छ येत होता, की जणू तो शेजारच्या खोलीतच आहे. एक पुडके हरवत नव्हते, एक शब्द तुटत नव्हता. आणि आजीला त्यातला एकही शब्द ऐकू येत नव्हता.

दादाला ते माझ्या चेहऱ्यावरून कळले असावे. तो उठून गेला. परत आला, तेव्हा त्याच्या हातात एक मोठा पांढरा कागद होता. त्यावर त्याने जाड काळ्या अक्षरांत काही लिहिले होते. तो कागद त्याने कॅमेऱ्यासमोर धरला.

आजीने चष्मा सारखा केला आणि मोठ्याने वाचले, “आजी, जेवलीस का?”

आयुष्यभर हा प्रश्न तिने आम्हांला विचारला होता. ती खदखदून हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आले आणि ती मोठ्याने म्हणाली, “जेवले रे बाबा, जेवले! पिठलं-भात जेवले!” मग ती उठली आणि घरातल्या एकेक वस्तू आणून दादाला दाखवू लागली. नवी छत्री दाखविली, वाळवणाचे पापड दाखविले, तुळशीची कुंडी दोन्ही हातांनी उचलून आणली. दादा कागदावर कागद लिहीत होता. तिकडे त्याची कचेरीत जाण्याची वेळ झाली होती. पण त्या दिवशी त्याने ती जाऊ दिली. मी माझे घड्याळ पाहिले नाही.

त्यानंतर आम्ही रविवार पुन्हा ठरवून घेतला, आणि आजी होती तोपर्यंत तो मोडला नाही.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षे झाली. ‘स्काइप’ ५ मे २०२५ रोजी बंद झाली. पुढे ‘व्हॉट्सॲप’सारख्या सेवांवरून खिशातल्या फोनवर बोलता येऊ लागले आणि आता परदेशी बोलणे ही नवलाची गोष्ट राहिली नाही. तरी काही गोष्टी तुम्ही ध्यानात ठेवलेल्या बऱ्या. हे बोलणे अगदी फुकट नसते. इंटरनेटचे पैसे कोणीतरी भरतच असते. नुसत्या आवाजाला डेटा थोडा लागतो, चित्रासह बोलण्याला त्याच्या कितीतरी पट लागतो. दोन्हीकडे तीच सेवा असली तरच वेगळे पैसे पडत नाहीत. इंटरनेटवरून एखाद्याच्या साध्या दूरध्वनीवर बोलावयाचे असेल, तर आकार द्यावा लागतो. सर्वच देशांत अशा सेवांना मोकळीकही नसते. कोकणातून संयुक्त अरब अमिरातीत नोकरीला गेलेल्या कितीतरी माणसांना याची अडचण वर्षानुवर्षे सोसावी लागली आहे. आणि हो, अनोळखी परदेशी क्रमांकावरून एखादी घंटी वाजून बंद झाली, तर कुतूहलाने उलट फोन करू नका. आमच्या दादाच्या दोन घंट्या खुशालीच्या होत्या. आजकाल काही लबाड लोक महागड्या क्रमांकावर उलट फोन करावयास लावून पैसे उकळण्यासाठी अशी एक घंटी वाजवितात.

काटकसर हा मोठा गुण आहे, हे मी आजीपासूनच शिकलो. परंतु वाचविलेल्या पैशाचे पुढे काय केले, हा प्रश्न काटकसरीइतकाच महत्त्वाचा आहे. शास्त्रज्ञांनी आणि तंत्रज्ञांनी आमचे मिनिटाला साठ रुपये वाचविले. ती मिनिटे आजीला देणे एवढेच काम आमच्याकडे उरले होते, आणि तेच आम्ही दोन महिने करू शकलो नाही. रस्ता त्यांनी बांधला. चालावयाचे आम्हांलाच होते.

हे सर्व मनात येत असताना मी ती पत्रिका पुन्हा हाती घेतली. ती खालच्या बाजूने दुमडलेली होती आणि शेवटच्या ओळी घडीत गेल्या होत्या. मी घडी उलगडली. कपिलेच्या कालवडीची ती यादी म्हणजे डिसेंबरातल्या त्या रविवारचीच यादी. तीत सात आणि आठ ही कलमे आजीने वेळ पुरणार नाही म्हणून खोडून टाकली होती. त्यांच्याखाली नववे कलम होते. ते खोडलेले तर नव्हतेच. उलट त्याच्याखाली पेन्सिलीने दोन रेघा ओढलेल्या होत्या.

‘९. त्यालाही बोलू द्यावे.’

मी घड्याळात पाहिले. सकाळचे सात वाजले होते. म्हणजे दादाकडे काल रात्रीचे साडेआठ. मी त्याला फोन लावला. दोन घंट्या वाजल्या आणि त्याने तो उचलला. “काय रे, आज कसा काय फोन केलास?” त्याने विचारले.

“काही नाही,” मी म्हणालो. “तू बोल.”